दोन्हीकडे सारखे ते खोडावे

रत्नागिरी,
सोमवार, १४ जानेवारी १९३५

चि. गोदा,

तुझं कार्ड पोचलं. वर श्री नाही, तीर्थरूप नाही, खाली सही नाही. पोस्टमन दादू म्हणाला, "मास्तर, ह्यो कुनाचा?" मी म्हटलं, माझ्या मुलीचं आहे, 'र'ला एवढी लांब शेपूट तीच काढते. पाच वर्षांत मी तुला एकवीस पत्रं टाकली. एकाला उत्तर नाही. आणि आता चार ओळी. 'निव्वळ आयनी समीकरण समजत नाही. प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून पुटपुटतात. मार्चअखेर इंटर सायन्सची परीक्षा. समजावून पाठवावे.' पाठवावे म्हणे, जसे काही पायलीभर तांदूळच मागवलेस.

तरी पाठवतो. कोल्हा काकडीला राजी, आणि मी तर तुझा बाप.

नीट मांडी घालून बस. मामाच्या घरी गिरगावात पाटी नसेल तर वाणसामानाचा कागद घे. आंबट ते आम्ल. चुन्यासारखं बोटाला बुळबुळीत लागतं ते अल्क. दोघं भेटली की एकमेकांचा जोर मारतात आणि मीठ व पाणी तयार होतं. हे तू चौथीत माझ्या पडवीत शिकलीस. आता पुढचं. जोरदार आम्ल पाण्यात सबंध राहत नाही. त्याचे विजेचा भार असलेले दोन तुकडे होतात, ते आयन. जोरदार अल्काचंही तेच, आणि मिठाचंही तेच. पाणी मात्र फुटत नाही, ते सबंध लिहायचं.

नायट्रिक अ‍ॅसिड आणि कॉस्टिक पोटॅश घे. डावीकडे चार जण लिही: हायड्रोजन, नायट्रेट, पोटॅशियम, हायड्रॉक्सिल. उजवीकडे पोटॅशियम, नायट्रेट आणि पाणी. आता बघ. पोटॅशियम डावीकडे होता तसाच उजवीकडे आहे. नायट्रेटही तसाच. हे बघे. लग्नात मांडवात बसतात, जेवतात, विडा खाऊन घरी जातात. लग्न त्यांचं नसतं. दोन्हीकडे सारखे ते खोडावे. उरलं काय? एक हायड्रोजनचा आयन, एक हायड्रॉक्सिलचा, आणि त्यांचं पाणी. झालं तुझं निव्वळ समीकरण. एवढ्यासाठी प्रोफेसराला पगार देतात.

खाली पाच उदाहरणं घातली आहेत. सोडवून पाठव. चुकलीस तरी पाठव.

घरी ठीक आहे. आंब्याला मोहोर बरा आहे. पडवीतलं कपाट मी मोडून टाकलं. साबण करणं तेव्हाच सोडलं, हे मागे एका पत्रात लिहिलं होतं, वाचलं असशील तर. तिळगूळ पाठवत नाही. मुंबईपर्यंत मुंग्याच खातील.

तुझा,
अण्णा


रत्नागिरी,
शुक्रवार, १ फेब्रुवारी १९३५

चि. गोदा,

पाचांपैकी चार बरोबर. पाचव्यात तू सोडियम तसाच ठेवलास. तो दोन्हीकडे आहे, डोळे फाडून बघ. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी तू लेखणी उचललीस.

बरोबरचा प्रश्न वाचला. 'सगळ्या पुस्तकांत पहिलं उदाहरण कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. तुम्हीच का पोटॅश आणि नायट्रिक घेतलंत?' तुला शिकायचं आहे की मास्तरची उलटतपासणी घ्यायची आहे? मास्तर मी आहे. उदाहरण मला वाटेल ते घेईन.

आज दुबळी आम्लं. व्हिनेगार, लिंबू, आमसूल. ही पाण्यात पडली तरी फारशी फुटत नाहीत. शंभरातला एखादाच आपला हायड्रोजन सोडतो, बाकीचे मुठीत धरून बसतात. म्हणून निव्वळ समीकरणात ती सबंध लिहायची. तुकडे केलेस तर मार्क गेले. अल्क समोर आला की ती लागेल तसा एकेक हायड्रोजन सोडतात. जपून, वायच वायच. काम पुरं होतं, पण आदळआपट होत नाही. म्हणून जिथे नाजूक काम असेल तिथे शहाण्याने दुबळंच आम्ल वापरावं. तुळसा त्या दिवशी घासायची भांडी टाकून आमसुलाचं पाणी घेऊन

वरची ओळ अर्धीच राहिली. वाचू नकोस.

अल्कांचं पाणीही सौम्य किंवा कडक असतं. चुन्याची निवळी घे. तुझ्या आईला आम्लपित्त होतं. मिऱ्याच्या कोळणीकडून शिंपल्यांचा चुना आणायची, पाण्यात कालवून ठेवायची, आणि वरचं नितळ पाणी हिरव्या बाटलीत भरायची. दुपारी जेवण झालं की दोन घोट. पोटातलं आम्ल त्याने शमतं. पोटात कोणतं आम्ल असतं ते तुझ्या पुस्तकात आहे, मी लिहीत नाही. चुना पाण्यात विरघळतोच थोडा, म्हणून निवळी कधी कुणाला बाधत नाही.

तुझ्या कार्डावर या खेपेला सही आहे. नुसतं 'गो.' तेवढं पुरे.

अण्णा


रत्नागिरी,
मंगळवार, १९ फेब्रुवारी १९३५

चि. गोदा,

तुझं चार पानी पत्र आलं. पाच वर्षांतलं पहिलं. त्यातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, म्हणून तुलाच परत लिहितो, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'अण्णा, कोण खोडायचा आणि कोण नाही हे कसं ठरवायचं, एवढंच मला नीट शिकवा. बाटली मी आणली होती. आई निवळी आण म्हणाली, मी आणून दिली. तुम्ही फौजदारांना सांगितलंत की तुळसेनं आणली. ते मला वाचवायला, हे मला तेव्हाच कळलं. बाटलीवर चिठ्ठी होती पण तिला वाचता येत नाही, असंही तुम्ही म्हणालात. मी दाराआड होते. तिला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. मी वाचली नाही. मला तर ती दिसल्याचंही आठवत नाही. अशी कशी मी? तुमच्या तोंडाकडे मी कोणत्या तोंडाने बघू? म्हणून येत नाही. रागाने नाही.'

गोदा, परीक्षा तोंडावर आली असता असले विचार करू नयेत. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. कुणी मुद्दाम काही करत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं. प्रकृतीला जप. सोबत दुबळ्या आम्लांची सहा उदाहरणं आहेत.

अण्णा


रत्नागिरी,
मंगळवार, ५ मार्च १९३५

गोदा,

मागचं पत्र फाडून टाक. 'झालं गेलं गंगेला मिळालं.' असलं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

खरं सांगतो. तुझं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं. पाच वर्षं माझी समजूत होती की तुला सगळं माहीत आहे, म्हणून तू माझं तोंड बघत नाहीस. आणि तुला काहीच माहीत नाही. उलट तुला वाटतं, अण्णांनी आपल्यासाठी खोटं बोलून पाप अंगावर घेतलं. दहा-बारा दिवस मी त्या चांगुलपणात म्हशीसारखा डुंबलो. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग लिहू. तेही निमित्तच. तू ते ओझं डोक्यावर घेऊन पेपर लिहायचास आणि मी इथे झोपाळ्यावर सुपारी कातरायची.

तर लिही. आधी पूर्ण समीकरण. कुणालाही न खोडता.

शनिवार, १९ एप्रिल १९३०. सगळ्या गावाला तेव्हा स्वदेशीचं वारं लागलं होतं आणि मी पडवीत खोबरेल व कॉस्टिक सोडा घेऊन साबण करत होतो. सोड्याचं पाणी उरलं. त्याची बरणी तडकलेली. हाताशी तुझ्या आईची हिरवी बाटली होती, निवळी तळाला दोन बोटं. ती मी अळवात ओतली आणि सोड्याचं पाणी बाटलीत भरलं. चिठ्ठी लावायला खळ करावी म्हणतोय, तोच शाळेचा शिपाई भागोजी दारात आला. हेडमास्तरांचा निरोप होता. मी बाटली टेबलावर ठेवली आणि अंगणात त्याच्याशी बोलत उभा राहिलो.

बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

गोदा, ही ओळ परत वाच. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. तू शंभरदा बघितलं असतंस तरी वाचायला तिथे काही नव्हतं. तुला आठवत नाही, कारण ती नव्हतीच. ती मी त्या दिवशी संध्याकाळी लावली. आईला डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवून मी घरी आलो, कणकेची खळ केली, वळणदार अक्षरात 'कॉस्टिक सोडा, विष' असं लिहिलं आणि चिकटवलं. दुसऱ्या दिवशी फौजदार आला तेव्हा ती छान वाळली होती. त्याने विचारलं, बाटली कुणी आणली. मी म्हटलं, तुळसेनं, तिला वाचता येत नाही. तुझं नाव मी वाचवलं खरं. पण तुझं नाव घेतलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, मुलीला तर वाचता येतं, मग तिने चिठ्ठी का नाही वाचली? बिनवाचणारी बाई मला सोयीची होती.

हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं तुम्हा कुणालाच धड ठाऊक नाही.

मी आत आलो तेव्हा तुझी आई खांबाला धरून बसली होती. म्हणाली, "तोंड साबणासारखं बुळबुळीत झालंय, आणि पोळतंय." समोर जमिनीवर तिने थुंकलेलं पाणी होतं. एकच घोट घेतलान, त्यातला बहुतेक थुंकलान. तू रडत होतीस. तुळसा मागीलदारी भांडी घाशीत होती ती धावत आली. रात्रीच्या कढीसाठी भिजत घातलेली आमसुलं होती, त्यांचंच पाणी वाटीत घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, ह्यो द्या वायच वायच, आग थांबल." मी तिचा हात ढकलला. वाटी कलंडली. "तुला काय कळतं?" असं म्हणालो. मला कळत होतं ना. मी सायन्स मास्तर.

कपाटात प्रयोगाचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. आमसुलाने किती वेळ लागणार, दुबळं ते दुबळंच, असा मी विचार केला. मी पाटी घेतली. एक घोट म्हणजे किती तोळे, त्यात सोडा किती, त्याला अ‍ॅसिड किती. तुझी आई तळमळत होती आणि मी त्रैराशिक मांडत होतो. उत्तर आलं: मीठ आणि पाणी. मिठाच्या पाण्याने कोण मरतं? तेवढं अ‍ॅसिड पाण्यात घालून पेला भरला आणि तिला म्हटलं, "पी. एका दमात पी." ती माझ्या शब्दाबाहेर कधी नव्हती. प्याली.

पाटीवर मी अख्खा घोट धरला होता. तो जमिनीवर पडलेला होता, माझ्या पायाशी. अ‍ॅसिडाला पोटात भेटायला सोडा नव्हताच. ते तिलाच भेटलं.

ती नऊ दिवस जगली ते तू पाहिलंस. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. म्हणाले, "सोड्याने ओठ-जीभ पोळली, ती भरून आली असती. खाली जळलंय ते अ‍ॅसिडाने. ताक दिलं असतंत, आमसुलाचं पाणी दिलं असतंत, तरी चाललं असतं." ते बिचारे दोन वर्षांनी काविळीने गेले. तेव्हापासून ते वाक्य एकट्या माझ्याजवळ आहे. पाटी मी पहिल्याच दिवशी पुसली होती.

आता खोड. तू बाटली आणलीस. आई रोज निवळी मागायची आणि कुणीतरी रोज आणायचं. तू बघी. तुळसा आमसूल घेऊन आली आणि हात ढकलल्यावर मागे सरली. तीही बघी. भागोजी निरोप देऊन गेला, तोही. दोन्हीकडे सारखे ते खोडावे. उरलं काय? तुझी आई आणि मी. येसू आणि मी.

तुला विचारायचं होतं ना, कसं ठरवायचं? असं ठरवायचं.

आता तू मला पत्र लिहिशील असं वाटत नाही. परीक्षेला मात्र बस. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक हमखास विचारतात.

अण्णा


रत्नागिरी,
सोमवार, १३ मे १९३५

गोदा,

दोन महिने तुझं अक्षर नाही. दादू आता माझ्या दारावरून मान खाली घालून जातो. त्याला वाटतं, पत्र न येण्यात त्याचीच काही चूक आहे.

शुक्रवारी मी हेदवीला गेलो, तुळसेच्या गावी. जयगडला उतरून तरीने खाडी ओलांडली आणि पुढे पायी. उन्हात कातळ असा तापलेला की वहाणेतून पाय भाजत होते. तिचं खोपट गावाबाहेर, काजूंच्या पलीकडे. ती अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. पाच वर्षांत डोकं पांढरं झालंय. मला बघून उठली नाही. बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो, तुला लिहिलं ते सगळं, आणि शेवटी म्हटलं, "तुळसा, माझी चूक झाली."

ती बिया पसरत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, तुमी माज्या दारात येऊन सांगताव. हितं कोन हाय? मी आनि कोंबड्या. ज्यांच्याजवल खोटं बोललाव, त्यांच्याजवल सांगा." मूठभर बिया उलटवत म्हणाली, "पाच वर्सं माज्या हातचं पानी कोन घेत न्हाय. भावाच्या लग्नात मला चुलीपाशी येऊ दिली न्हाय. मास्तरणीला इख घातलंन, म्हनतात. माजा भाऊसुदिक."



मग तिने सांगितलं की तू येऊन गेलीस. गेल्या आठवड्यात, तीन दिवस राहिलीस, तिच्या हातची भाकरी खाल्लीस, तिच्या पाठीला तेल चोळलंस. मुंबईची बोट जयगडनंतर रत्नागिरीला लागते. दोन तासांचा प्रवास. तू आधीच उतरलीस आणि तिथूनच परत गेलीस. मला वाईट वाटलं. वाटणारच. पण तू जिथे उतरायला हवं तिथेच उतरलीस.

तिने पत्र्याच्या डबीतून तुझा कागद काढला. "मास्तर सोता आले तरच द्यायचा, न्हायतर चुलीत घालायचा, असं बोललीय." मी तो वाचला. तुझा मजकूर तुला पाठ असेल. मलाही झालाय.

'अण्णा, समीकरण समजलं. पेपरात हेच आलं होतं, बरोबर सोडवलं. पण मला बघी म्हणून खोडू नका. तुम्ही सगळं इतकं नीट खोडलंत की तिथे मी नव्हतेच असं वाटायला लागलं. मी होते. आई पेला पीत होती तेव्हा माझा हात तिच्या गळ्यावर होता. गळा बाहेरून हाताला कढत लागला. मी हात काढून घेतला. ते तुमच्या समीकरणात कुठे लिहिलंय?'

 मी तिथेच उंबऱ्याशी बसलो. तुळसा आत गेली आणि वाटी घेऊन आली. आमसुलाचं पाणी, गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं. म्हणाली, "घ्या. वायच वायच घ्या, उनातनं आलाव." तोच हात. मी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि प्यालो. ती माझ्या घशाकडे बघत होती. शेवटचा घोट उतरल्यावर म्हणाली, "गोदानंतर तुमीच."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुठेही नाही. कोणतंही जोरदार आम्ल आणि कोणताही जोरदार अल्क भेटला की पाणी होतं, आणि दरवेळी तेवढीच उष्णता बाहेर पडते. किती, तेही मला तोंडपाठ आहे. त्या उष्णतेवरूनच तर शास्त्रज्ञांना कळलं की बघे कुणीही असोत, खरी घडामोड एकच आहे. सव्वीस वर्षं मी हे शिकवतोय. दरवर्षी मुलांच्या हातात नळी देऊन म्हणतो, बघा, गरम लागते की नाही. आणि त्या दिवशी पाटीवर मी मीठ लिहिलं, पाणी लिहिलं आणि रेघ मारली. तिच्या तोंडात शिल्लक होता तेवढ्या सोड्याला अ‍ॅसिड भेटलं असणार, आणि ते तुझ्या हाताला लागलं. तुला लिहिलेल्या पत्रातही मी ते गाळलं. मुद्दाम नाही. मला ते सुचलंच नाही. हे जास्त वाईट आहे.

तू होतीस. मी तुला खोडत नाही.

अण्णा


रत्नागिरी,
सोमवार, २० मे १९३५

गोदा,

तुळसेनं सांगितलं ते केलं. गेल्या मंगळवारी आळीतल्या गणपतीच्या देवळात आरतीनंतर सगळे बसले होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. बाटली मी भरली, चिठ्ठी मागाहून लावली, अ‍ॅसिड मी पाजलं, तुळसेचा काही संबंध नाही. पाऊण तास बोललो. फळा नव्हता, पण मी पायरी पायरीने सांगितलं, तुला सांगतो तसं.

कुणाला पटलं नाही.

 मग हेडमास्तरांनी मला हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "आत्मारामपंत, माणसाला दुःखाने असं होतं. स्वतःवर घेऊ नका." समोरची यमुनाबाई पदराने डोळे पुसत होती, माझ्यासाठी. भागोजी आठवून आठवून म्हणाला, "मी इलो व्हतो खरा, पन बाटली काय बगितली न्हाय." फौजदार नवा आहे. म्हणाला, कागद बंद झालेत, उगाच उकरू नका, पेन्शन जवळ आलीय. आणि बाहेर चपला शोधताना मी कानांनी ऐकलं, "हेदवीला जाऊन आले ना परवा? त्या बयेनं काहीतरी खायला घातलंन असणार. आधी बायको, आता हे."

पाच वर्षांपूर्वी खोटं सांगितलं ते एका वाक्यात पटलं. खरं सांगायला गेलो तर त्याचंही विष तुळसेच्याच वाटीत गेलं. मी केलेलं मला पुसता येत नाही, गोदा. पाटी पुसता आली, हे नाही.

म्हणून हे पत्र. आता ऐक, हा शेवटचा धडा, आणि तो तुझ्याच कागदावरून मला समजलाय. बघ्यांना आपण खोडतो, कारण समीकरण आटोपशीर हवं असतं. पण ते भांड्यातून कुठे जात नाहीत. पाणी आटवलं की तेच तळाशी मिळतात, चाखून बघावेत असे. मी तुला आणि तुळसेला खोडलं, तेही माझंच समीकरण आटोपशीर व्हावं म्हणून. त्या दुपारी त्या घरात काय झालं ते सांगू शकणारी माणसं तीन. माझं कुणी ऐकत नाही. तुळसेचं कधीच ऐकलं नाही. राहिलीस तू. तू तुझ्या आईची मुलगी. तू देवळात उभी राहून सांगितलंस की बाटली मी आणली, तिच्यावर चिठ्ठी नव्हती, पेला अण्णांनी पाजला, आणि माझा हात आईच्या गळ्यावर होता, तर कुणाची छाती होणार नाही तुला वेडी म्हणायची.

हे माझ्यासाठी मागत नाही. माझ्यासाठी मागायचा हक्क मला नाही. हे सांगितलंस तर तुझा बाप या गावात उरणार नाही, हे मला कळतं. उरू नये. त्याच्या बदल्यात एका बाईच्या हातचं पाणी लोकांनी प्यावं, एवढंच.

गोदाला बोलायला सांगतोय, असा तुळसेला निरोप पाठवला होता. तिचं उत्तर शुक्रवारी आलं, तरीवाल्याकडून तोंडी. "गोदा बोलनार असल तर मी येतंय. न्हायतर माजं हितं बरं हाय."

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आता सहा दिवस आहेत. शेवटची बोट रविवारी, २६ तारखेला. तू या वेळी जयगडला उतरू नकोस. दोन तास पुढे बस. मी बंदरावर येणार नाही, तुला मला बघावं लागणार नाही. मी घराची किल्ली यमुनाबाईकडे ठेवून देवळात आधीच जाऊन बसेन, मागच्या खांबाशी. तू बोलून झाल्यावर परत जायचं तर घाटावरच्या मोटारीने जा.

तुझं उत्तर यायला वेळ नाही, आणि मी मागतही नाही. तुळसेला मी तसं कळवलं. तिने आज परत निरोप दिला की उत्तर येवो न येवो, रविवारी ती इथल्या बंदरावर जाऊन उभी राहणार आहे, आणि तुला तहान लागली असेल म्हणून बरोबर आमसुलाचं पाणी आणणार आहे.

अण्णा